चूक : एका बारीक खिळ्याची दोन हजार वर्षं

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात.)

लोकलमध्ये दाराजवळ उभे असाल, जिममध्ये असाल, किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर सगळ्यांचं स्वागत. आजच्या एपिसोडमध्ये राजा नाही, लढाई नाही, तह नाही. आज आहे खिळा. तोही मोठा नाही, एकदम बारीक. कपाटाच्या कडेला पट्टी लावताना मारतात ना, तो. मारल्यावर दिसूच नये अशी ज्याच्याकडून अपेक्षा असते, तो.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. माझे बाबा सुतार आहेत. चौतीस वर्षं झाली. मी बीटेक करून पुण्यात कोड लिहितो, आणि माझ्या फीचे बरेचसे हप्ते लोकांच्या घरच्या कपाटांनी भरलेत. गेल्या वर्षी बाबांचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हात डोक्याच्या वर नेऊन ठोकाठोकी कमी करा. आता सुताराला असं सांगणं म्हणजे मला सांगणं की कीबोर्ड कमी वापरा. छताजवळच्या लाकडी पट्ट्या, दाराच्या चौकटीवरचं मोल्डिंग, ही सगळी कामं हात वर करूनच होतात.

मग मी ठरवलं, बाबांना खिळे मारायची कॉर्डलेस गन घेऊन द्यायची. त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे कॉम्प्रेसरवर चालणारी गन आहे, पण बाबा एकटे काम करतात. तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्रेसर चढवा, पाइप ओढा, वरून तो आवाज, आणि लाइट गेली की बसा. बॅटरीवालीच बरी.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अरे, चूक मारायला बंदूक कशाला?"

शहरात वाढलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो. मराठीत बारीक खिळ्याला 'चूक' म्हणतात. अनेकवचन 'चुका'. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "पावशेर चुका द्या" म्हटलं तर कुणी हसत नाही. आपण रोज करतो त्या चुका वेगळ्या, या वेगळ्या. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

आता मी इंजिनिअर. खरेदी करायची म्हणजे आधी स्प्रेडशीट. ब्राउझरमध्ये चौदा टॅब. अठरा गेज की सोळा? फ्लायव्हील की नायट्रोजन? ट्रिगर कुठला? तीन रात्री घालवल्या आणि काहीच कळेना. मग नेहमीची सवय वापरली. एखादी गोष्ट कळत नसेल, तर ती अशी का झाली ते मागे जाऊन बघायचं. जुना कोड वाचताना करतो तेच. आणि मागे जाता जाता मी पोचलो थेट रोमन साम्राज्यात.

जमिनीत पुरलेले पावणेनऊ लाख खिळे

स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल नावाची जागा आहे. इसवी सनाच्या ८० च्या दशकात तिथे रोमन सैन्याने मोठी लाकडी छावणी बांधायला घेतली. चार-पाच वर्षांतच वरून हुकूम आला, माघारी फिरा. सैन्याने छावणी स्वतःच उतरवली. सामानात खिळ्यांचा प्रचंड साठा होता. इतकं लोखंड वाहून नेणं शक्य नव्हतं, आणि मागे सोडलं तर स्थानिक टोळ्या त्याची हत्यारं करणार. मग त्यांनी खोल खड्डा खणला, सगळे खिळे त्यात ओतले आणि वर माती दाबली. जवळजवळ १९०० वर्षांनी इयन रिचमंड या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात तो खड्डा सापडला. आत सुमारे पावणेनऊ लाख खिळे. वजन कित्येक टन.

विचार करा, शत्रूच्या हातात पडू नये म्हणून काय लपवलं? सोनं नाही, नकाशे नाहीत. खिळे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची, तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती. तिथे लोक जुनी जमीन सोडून नवीन जागी जाताना आपलंच घर जाळायचे. का? राखेतून खिळे वेचता यावेत म्हणून. लाकूड जंगलात फुकट होतं, खिळे समुद्रापलीकडून यायचे. शेवटी १६४५ च्या सुमारास तिथे कायदाच झाला की घर जाळायचं नाही. त्याबदल्यात दोन तटस्थ माणसं येऊन घरात किती खिळे असतील याचा अंदाज करतील, आणि तेवढे खिळे तुम्हाला मिळतील. घराची किंमत खिळ्यांत मोजली जायची!

इतका मोल का? कारण प्रत्येक खिळा हाताने घडवलेला. लोखंडाची सळी भट्टीत लाल करायची, ऐरणीवर ठोकून चारी बाजूंनी निमुळती करायची, तुकडा तोडायचा, साच्याच्या भोकात घालून वरून घाव घालायचे म्हणजे डोकं तयार होतं. एक खिळा. परत सळी भट्टीत.

मध्येच एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वाटेल की खिळ्याशिवाय जगाचं काही चालतच नव्हतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षं जहाजांच्या फळ्या काथ्याने शिवल्या जायच्या. हो, शिवल्या जायच्या. अजिंठ्याच्या चित्रांत पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून गोव्यात एका कारखान्यात, केरळच्या कारागिरांच्या हातून, तशाच पद्धतीचं जहाज बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. नाव 'कौंडिण्य'. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. हे मी बाबांना सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. म्हणाले, "चांगल्या दाराला खिळा लागतोच कुठे? एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ. बसवलं की शंभर वर्षं हलत नाही. खिळा म्हणजे घाईचं काम."

आणि आपल्याकडे खिळ्याने दरारा पण दाखवलाय. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघितलाय ना? प्रत्येक फळीवर ७२ अणकुचीदार खिळे, एकेक जवळपास फूटभर लांब. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. तिथे खिळा जोडायला नाही, अडवायला आहे. पण आपला आजचा नायक नेमका उलटा. त्याचं काम दिसायचं नाही, फक्त धरून ठेवायचं.

दिवसाला किती खिळे?

१७७६ मध्ये अॅडम स्मिथने 'वेल्थ ऑफ नेशन्स' लिहिलं, त्यात टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. कॉलेजच्या इकॉनॉमिक्सच्या पेपरला यायचं. पण त्याच प्रकरणात थोडं पुढे खिळे आहेत. स्मिथ सांगतो की खिळ्यांची सवय नसलेला लोहार दिवसाला दोन-तीनशे खिळे कसेबसे करेल. पण ज्यांनी आयुष्यात दुसरं काहीच केलं नाही अशी विशीच्या आतली पोरं दिवसाला २,३०० च्या वर खिळे करतात, हे त्याने स्वतः पाहिलं होतं.

अर्थशास्त्रात हे उदाहरण कौशल्याचं म्हणून शिकवतात. मी वाचलं तेव्हा माझं लक्ष 'विशीच्या आतली पोरं' यावर अडकलं.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. थॉमस जेफरसन, अमेरिकेचा पुढे झालेला राष्ट्राध्यक्ष, सगळी माणसं समान जन्मतात असं जाहीरनाम्यात लिहिणारा माणूस. १७९४ मध्ये त्याने माँटिसेलो इथल्या आपल्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना काढला. कामगार कोण? त्याच्या मालकीची गुलाम मुलं. वय दहा ते सोळा. रोज आठ-दहा हजार खिळे निघायचे. आणि जेफरसन रोज वजन करायचा. कुठल्या मुलाला किती सळी दिली, त्याने किती खिळे परत दिले, किती लोखंड वाया गेलं. प्रत्येकाच्या नावापुढे आकडा. चांगलं काम करणाऱ्याला जास्तीचं खाणं, नवे कपडे.

मित्रांनो, मी हे वाचलं तेव्हा माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर आमच्या टीमचा डॅशबोर्ड उघडा होता. कोणी किती टिकेट बंद केली त्याचा. मी गुलाम नाही, मला पगार आहे, मी उद्या राजीनामा देऊ शकतो. दोन्हींची तुलना करणं म्हणजे त्या मुलांचा अपमान होईल. पण मोजायची ती पद्धत ओळखीची वाटली, हे खोटं बोलून लपवत नाही.

१८०३ मध्ये तिथे केरी नावाच्या मुलाने दुसऱ्या मुलाच्या, ब्राउन कोलबर्टच्या, डोक्यात हातोडी घातली. ब्राउन वाचला. जेफरसनने केरीला इतक्या लांब विकून टाकायला सांगितलं की परत त्याचं नाव कानावर येऊ नये. बाकीच्यांना धडा म्हणून. खिळ्यांच्या त्या हिशेबात एक नाव कमी झालं, एवढंच.

याच कारखान्यात १७९६ मध्ये एक यंत्र आलं. ते बारीक खिळे कापायचं. म्हणजे आपल्या चुकाच. इथून गोष्ट वळते.

खिळा स्वस्त झाला, आणि घर बदललं

१७९० च्या दशकात अमेरिकेत खिळे कापायच्या यंत्रांची चढाओढ लागली. जेकब पर्किन्सचं पेटंट १७९५ चं. लोखंडी पट्टीतून तिरके तुकडे कापायचे, मग डोकंही यंत्रानेच. त्यानंतर पोलादी तारेचे गोल खिळे आले आणि १८९० च्या दशकात त्यांनी कापीव खिळ्यांना मागे टाकलं. आज आपण 'खिळा' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो हाच.

डॅनियल सिकेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १६९५ पासूनच्या खिळ्यांच्या किमतींचा अभ्यास केलाय. अठराव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, इतर वस्तूंच्या तुलनेत खिळे जवळपास दहापट स्वस्त झाले. आणि माझा आवडता आकडा : १८१० मध्ये अमेरिकेच्या जीडीपीत खिळ्यांचा वाटा ०.४ टक्के होता. आज तिथली कुटुंबं कॉम्प्युटरवर जो खर्च करतात, त्याचा वाटा साधारण तेवढाच. म्हणजे खिळा हा त्या काळचा लॅपटॉप होता म्हणायला हरकत नाही!

खिळे स्वस्त झाल्यावर काय झालं? १८३० च्या दशकात शिकागोत घरं बांधायची नवी पद्धत रुजली. पूर्वी जाड तुळया, त्यात भोकं, जिभा, लाकडी खुंट्या. त्याला मुरलेला सुतार लागायचा. नव्या पद्धतीत बारीक फळ्या आणि भरपूर खिळे. चार धडधाकट माणसं आणि दोन हातोड्या असल्या की घर उभं. बाबा म्हणाले होते ना, खिळा म्हणजे घाईचं काम? अख्खी शहरं त्या घाईवर उभी राहिली.

पण स्वस्ताईची किंमत कुणीतरी दिलीच. इंग्लंडमध्ये डडली आणि आसपासच्या भागात हजारो कुटुंबं घराच्या मागच्या खोपटात खिळे घडवायची. त्यात बायका आणि मुलं खूप. मध्यस्थ सळी देणार, खिळे नेणार, पैसे कापणार. यंत्राचा खिळा आला तसा हातच्या खिळ्याचा दर पडत गेला. दर पडला म्हणून ती माणसं जास्त तास काम करायला लागली. १८४२ मध्ये तिथे दंगली झाल्या. यंत्र थांबलं नाही.

मी हे सगळं वाचत होतो आणि डोक्यात एकच. मी बाबांसाठी यंत्र घेतोय. ते यंत्र नक्की कुणाच्या बाजूने आहे?

विमान आणि गन

आता खिळा स्वस्त आहे, महाग आहे तो ठोकणारा हात. म्हणून पुढचं यंत्र खिळा बनवायचं नाही, मारायचं.

दुसऱ्या महायुद्धात हॉवर्ड ह्यूजेस एक अवाढव्य विमान बांधत होता. एच-४ हर्क्युलिस. धातूची टंचाई, म्हणून लाकडाचं. पातळ लाकडी थर सरसाने चिकटवायचे, सरस सुकेपर्यंत खिळ्यांनी दाबून धरायचे, आणि सुकल्यावर खिळे उपटून काढायचे! इतके खिळे हाताने मारणार कोण? हवेच्या दाबावर खिळा मारणाऱ्या पहिल्या गनचं श्रेय याच कामावरच्या मॉरिस पिनूस या सिव्हिल इंजिनिअरला दिलं जातं. ते विमान २ नोव्हेंबर १९४७ ला एकदाच उडालं, जेमतेम मिनिटभर. पण गन राहिली. १९५० च्या दशकात ती घरबांधणीत आली.

तत्त्व सोपं आहे. दाबलेली हवा पिस्टनला ढकलते, पिस्टनला जोडलेलं पातं खिळ्याच्या डोक्यावर आपटतं, एकाच फटक्यात खिळा आत. खाली खिळ्यांची चिकटवलेली पट्टी असते, स्प्रिंग पुढचा खिळा सरकवते. पाइपपासून सुटका १९८० च्या दशकात झाली. पासलोड कंपनीच्या गनमध्ये गॅसचा छोटा डबा होता. ठिणगी पडली की आत छोटासा स्फोट, आणि पिस्टन पुढे. तुमच्या बाइकच्या इंजिनासारखं. आणि मग लिथियम बॅटरीचा जमाना आला.

त्या विमानात एक गोष्ट दडलीय, ती मला फार उपयोगी पडली. तिथे जोड धरला तो सरसाने. खिळा फक्त सरस सुकेपर्यंत पकडायला होता. फिनिशिंगच्या कामात आजही बरंचसं हेच असतं. पट्टीला मागून फेविकॉल, आणि वरून चूक. ताकद फेविकॉलची.

मग घ्यायची कोणती?

हे कळल्यावर माझी स्प्रेडशीट एकदम सोपी झाली.

पहिला प्रश्न गेजचा. गेजचा आकडा मोठा, तर खिळा बारीक. २३ गेज म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटरची पिन, जवळपास डोकंच नाही. नाजूक नक्षी, फेविकॉल सुकेपर्यंत धरायला. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, यालाच ब्रॅड म्हणतात. आपल्याकडे फर्निचरवाले 'एफ-३०' म्हणतात तो हाच, ३० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. कपाटाच्या पट्ट्या, मोल्डिंग, बीडिंग, सगळ्याला चालतो. १६ आणि १५ गेज जाड. दाराच्या चौकटीची जड पट्टी असेल तर ते. पण भोक मोठं, पुट्टी जास्त. बाबांचं काम बघता १८.

दुसरा प्रश्न, आतली ताकद कुठून येते. काही गनमध्ये मोटर जड चाक फिरवते आणि ते चाक पात्याला फेकतं. ड्यूवॉल्टच्या बऱ्याच गन अशा आहेत. काहींमध्ये गनच आतल्या आत हवा दाबते, रायोबीच्या. काहींमध्ये नायट्रोजन कायमचा बंद करून ठेवलेला असतो, मोटर त्याला दाबते आणि ट्रिगर ओढला की तो सुटतो. सेन्को आणि मिलवॉकीच्या काही गन या प्रकारच्या. हातात घेऊन बघा, वजन बघा, आणि मुख्य म्हणजे तुमच्या गावात दुरुस्ती कोण करतं ते विचारा. मी घेतली तिचं नाव सांगत नाही, जाहिरात नको.

वजनाचं मुद्दाम सांगतो. बॅटरीसकट ती भरली तीन किलोच्या आसपास. बाबांनी हातात घेतली आणि म्हणाले, "माझी हातोडी अर्धा किलो. खांदा वाचवायला तू मला तीन किलो वर धरायला लावतोस?" स्प्रेडशीटमध्ये हा कॉलम नव्हता. उत्तर असं की गन क्षणभर टेकवायची असते, वीस घाव घालायचे नसतात, आणि कोपर अंगाजवळ ठेवता येतं. पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता. म्हणून आम्ही एक छोटी उंच घोडी आणली. त्यावर उभं राहिलं की हात खांद्याच्या खालीच राहतो. खांद्याला खरा आराम त्या घोडीने दिला, निम्मा तरी.

तिसरा प्रश्न, ट्रिगर. आणि इथे माझी चूक झाली. दुसऱ्या अर्थाची.

दोन ट्रिगर

गनचं नाक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही, ही मूळ सुरक्षा. त्यात दोन प्रकार. एकात आधी नाक दाबायचं, मग ट्रिगर ओढायचा, एक खिळा. दुसऱ्यासाठी परत सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या प्रकारात ट्रिगर ओढूनच ठेवायचा आणि नाक टेकवत जायचं, टेकवलं की खिळा, टेकवलं की खिळा. व्हिडिओमध्ये काय भारी दिसतं! धडाधड धडाधड. आमच्या गनवर दोन्हीचं बटण होतं. मी कौतुकाने दुसऱ्यावर टाकून दिलं. बाबांचा वेळ वाचेल म्हणून.

दहाव्या दिवशी आईचा फोन. बाबा एका घरी दाराच्या पट्टीला खिळे मारत होते. डावा हात पट्टी धरून, नेहमीसारखा. चौतीस वर्षं तो हात तिथेच असतो. गनला झटका बसला, नाक उसळून परत टेकलं, आणि दुसरा खिळा आपोआप सुटला. तर्जनीच्या कडेतून आरपार. नशीब, हाड वाचलं. टिटॅनसचं इंजेक्शन, एक्स-रे, दोन आठवडे पट्टी.

मी रात्रीच्या एसटीने गावी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "माझीच चूक. हात जवळ होता."

मग मी बसून वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात दरवर्षी सरासरी ३७,००० माणसं नेल गनच्या जखमा घेऊन इमर्जन्सी विभागात गेली. त्यातली जवळपास चाळीस टक्के घरगुती वापर करणारी. म्हणजे माझ्यासारखी हौशी. आणि बांधकामावरच्या शिकाऊ सुतारांच्या अभ्यासातून निघालं की टेकवलं-की-सुटला ट्रिगरला दुखापतीचा धोका एक-एक ट्रिगरच्या दुप्पट.

म्हणजे बाबांची चूक नव्हती. त्यांचा हात जुन्या हत्याराला बरोबर होता. हातोडी कधी आपोआप दुसरा घाव घालत नाही. नवं हत्यार देताना त्याची नवी सवय पण द्यावी लागते, ती मी दिली नाही. मी फक्त वेग दिला. खिळ्याच्या या सगळ्या इतिहासात प्रत्येक वेळी हेच झालंय. कोणीतरी लांब बसून वेग ठरवतो, आणि हात दुसऱ्याचा असतो. या वेळी लांब बसलेला मी होतो.

आता काय चाललंय

गन विकली नाही. बाबांनीच विकू दिली नाही. बटण एक-एक खिळ्यावर कायमचं, वरून चिकटपट्टी मारलीय. आम्ही दोघांनी रविवारी बसून नियम केले, आणि ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण हल्ली घरी काहीबाही बनवत असता.

एक, खिळा पडतो त्या जागेपासून दुसरा हात किमान १२ इंच लांब. धरायचंच असेल तर क्लॅम्प लावा. दोन, ब्रॅडचं टोक सुईसारखं नसतं, छिन्नीसारखं असतं. गाठ लागली की खिळा आतल्या आत वळून बाजूने बाहेर येतो. कुठल्या बाजूला वळतो ते आधी टाकाऊ तुकड्यावर बघून घ्या, आणि त्या बाजूला बोट नको. तीन, खिळ्याची खोली ठरवायचं चाक असतं, ते प्रत्येक नव्या लाकडाला फालतू तुकड्यावर जुळवा. सागवान आणि एमडीएफ सारखे नाहीत. डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली जावं, वर पुट्टी. चार, अडकलेला खिळा काढताना आधी बॅटरी काढा. पाच, डोळ्यांवर चष्मा. हा बाबांना अजून पटलेला नाही, भांडण चालू आहे.

गेल्या महिन्यात मी घरी होतो. बाबा एका कपाटाची कड लावत होते. खालच्या तीन पट्ट्या हातोडीने. बारीक चूक दोन बोटांत धरून, दोन हलके टोले, बोटं बाजूला, तिसरा टोला, मग पंचाने आत. मला दहा वर्षांचा असताना जसं दिसायचं तसंच. वरच्या पट्टीला घोडीवर चढले, गन घेतली, डावा हात मागे कमरेवर ठेवला. ठक. ठक. ठक. मध्ये थोडं थांबून, एकेक.

मी विचारलं, "बाबा, आता बरं वाटतंय का हिच्याने?"

म्हणाले, "बरं आहे. पण खालच्या पट्ट्यांना नको. तिथे माझा हात पोचतो."

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोण हाताने काम करतं? सुतार, शिंपी, लोहार, गवंडी, कुणीही. त्यांच्या हत्यारात काय बदललं आणि ते कुणी ठरवलं, हे त्यांना विचारा आणि व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. तोपर्यंत बोटं सांभाळा. भेटू पुढच्या आठवड्यात.